पान ८४ वरची पेन्सिल

रविवार, सौंसर

१. आज वाचक मंडळात प्रत्येकीने महिन्याचं आवडतं पुस्तक सांगितलं.
२. शेजारच्या कुसुमकाकूंनी मी गेल्या महिन्यात दिलेलं पुस्तक निवडलं.
३. नियमाप्रमाणे निवडलेलं पुस्तक यादीतल्या पुढच्या नंबराकडे गेलं. पुढचा नंबर आईचा.

त्याच्या पान ८४ च्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "पुण्याची नोकरी घ्यायचीच. घरी कसं सांगू?" द्यायच्या आधी खोडायला विसरले. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधल्या चुका काढते, आणि हीच कशी सुटली?

काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मले तं पुस्तकापरीस तुह्यं पेन्सिलीचंच आवडलं वं पोरी!" सगळ्या हसल्या. आईसुद्धा. माझं खाजगी लिहिलेलं यांना आवडायचं काय कारण?

घरी येऊन आईला म्हटलं, "एक दिवस पुस्तक दे."

"काहून? नंबर माहा आहे. उद्यापासून रोज वीस पानं वाचीन."

म्हणजे पान ८४ शुक्रवारी.

ती पोळ्या करत असताना खोडरबर घेऊन पान ८४ उघडलं. चिडूनच. पण 'घरी कसं सांगू?' पुन्हा वाचलं, आणि खोडलं नाही. खाली लिहिलं:

"आई, पुण्याच्या कंपनीला शनिवारी कळवायचं आहे. तुझं उत्तर शुक्रवारीच दे."