परवाच्या सेलला मी एकटीच

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची मला कधी सवयच लागली नाही. फौजेत होतात तेव्हा तुमच्या पत्रांना उत्तरं मामंजी लिहायचे आणि शेवटी माझी आपली एक ओळ, इकडे सर्व ठीक. आज लिहायला बसलेय, कारण परवा पुण्याला घोड्यांचा सेल आहे आणि तुमच्या मंडळानं ठरवलंय की घोडा वहिनींनी पसंत करायचा. मी! कालपासून हातपाय गार पडलेत माझे.

काय म्हणावं हो या लोकांना? सांगलीचे हळदवाले चौगुले अण्णा, फलटणचे बापू आणि इथले साताऱ्याचे तुमचे चार पेन्शनर दोस्त. सगळ्यांनी मिळून एक घोडा घ्यायचा, तो शर्यतीत पळवायचा आणि जिंकला की सगळ्यांनी फोटोत दाटीवाटीनं उभं राहायचं. मालक सगळे, पण पारखणारे तुम्ही एकटे. फौजेत घोड्यांतच जन्म गेलेला तुमचा, "दफेदार म्हणतील तो घोडा" असं होतं सगळं. तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, आणि बसले सगळे माझ्या तोंडाकडे बघत.

कोरं शिंगरू तुम्ही कधी घेतलं नाहीत. पळालेलाच घोडा घ्यायचात. "शिंगराचा नुसता अंदाज असतो गं. पळालेल्या घोड्याची निम्मी गोष्ट कळलेली असते. मालक त्याला का विकतोय, ही उरलेली निम्मी आपण काढायची." तुमचं हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय! पण ती निम्मी गोष्ट काढायला तुम्ही मला का नेत होतात, ते कळायला कालचा दिवस उजाडावा लागला.

मी घोड्याला किती भिते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्या लग्नात वरातीचा घोडा बँडला बिचकला आणि थेट मांडवात घुसला. बायका किंचाळत पळाल्या, मी खुर्चीवर चढून रडतेय, आणि नवरदेव काय करतोय? घोड्याला थोपटतोय! नवी नवरी राहिली बाजूला. त्या दिवसापासून तुम्ही मला भित्री भागूबाई म्हणायला लागलात ते शेवटपर्यंत.

तरी प्रत्येक सेलच्या आधी म्हणायचात, "चल गं, पुण्याला जाऊन येऊ." तबेल्यात तुम्ही वाकून घोड्याच्या पायांवरून हात फिरवायचात, कुठं सूज आहे का, कुठं गरम लागतंय का बघायचात. मोतद्दाराला सांगून घोडा चालवून, पळवून बघायचात. सगळं झालं की मला हाक. "मालन, जरा इकडं ये. अशी समोर उभी राहा." मी पदर घट्ट गुंडाळून यायची. मला वाटायचं, बायकोची भीती जावी म्हणून धडपडतोय बिचारा.

काल अण्णा आणि बापू मला गाडीत घालून पुण्याला घोडे दाखवायला घेऊन गेले. एक काळाभोर घोडा होता. शर्यती जिंकलेला, पाय स्वच्छ, डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटलेला. बापू तर फोटोसाठी कुठला फेटा बांधायचा ते बोलायला लागले. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "वैनी, जरा म्होरं जाऊन हुबं ऱ्हावा की."

"कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

अण्णा चपापले. "आवं, दफेदारांनी तुमाला सांगितलं न्हाई व्हय? ते म्हणायचे, पाय मी बघतो, पर सभाव आमची मालन बघती. भ्यालेलं माणूस समोर आलं की घोडा खरं रूप दावतो. मार खाऊन चिडका झालेला असला तर कान पाडतो, शांत असला तर नाक म्होरं करतो. आन् मालनइतकं मनापासनं भिणारं माणूस दुसरं मिळायचं न्हाई, म्हणायचे."

काय संतापले म्हणून सांगू! "म्हणजे मी शेतातलं बुजगावणं होय?" असं म्हणून तरातरा गाडीत जाऊन बसले. खंबाटकी घाट संपेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते.

खरं सांगा, मला सोबत म्हणून नेत होतात की कामाला म्हणून? एकदा तरी बोलायचंत!

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही एकटेच सेलला गेला होतात, आठवतंय? ती बदामी घोडी आणलीत. पाय बघून सगळे खूश. पहिल्याच शर्यतीला ती बिथरली आणि वरच्या पोराला आपटलं तिनं. त्याला दवाखान्यात बघून तुम्ही घरी आलात, चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसलात. "मालन, तू असतीस तर ही घोडी घेतली नसती." मला वाटलं, नवऱ्याला माझी माया आली. लाजले हो मी! आता त्याचा अर्थ लागतोय. घोडा चुकला तर मंडळ चार दिवस हळहळेल आणि गप्प बसेल. पण त्याच्या पाठीवर कुणाचं तरी लेकरू बसणार. ते माझ्या भरवशावर बसणार!

आज सकाळी तुमचे कपडे उन्हात घालत होते. खांद्यावर रफू केलेला तो निळा शर्ट हाती लागला. एका सेलला घोडा तोंड वासून माझ्या अंगावर आला होता आणि त्याचा चावा तुम्ही झेललात खांद्यावर. तेव्हा मी रफू केला आणि विसरले. आज तिथंच दोरीपाशी उभी राहिले. इतक्या पटकन तुम्ही मधे आलात कसे? म्हणजे तुम्ही माझ्या पाठीला लागूनच उभे होतात. दर वेळी तुमचा तळवा माझ्या पाठीवर असायचा. मला वाटायचं, पुढे ढकलताय. मागे ओढायला ठेवलेला होता हो तो हात!

मांडवातसुद्धा तुम्ही माझ्या आणि घोड्याच्या मधेच उभे होतात का हो?

राग गेला माझा. भीती मात्र दुप्पट झाली. घोड्याला मी जन्मभर भ्याले, पण अशी उघडी पाठ घेऊन कधी उभी राहिले नव्हते.

अण्णांना फोन करून येते म्हणून सांगितलं. म्हणाले, "वैनी, मी ऱ्हातो की मागं हुबा." मी नको म्हटलं. ती जागा राहू दे तशीच.

तेव्हा तुम्हाला शब्द देते. परवा बोली लागायच्या आधी त्या काळ्यासमोर जाऊन उभी राहीन. उसना धीर आणणार नाही, डोळे मिटणार नाही. जशी भिते तशीच भिईन, नाहीतर तो घोडा मला काय सांगणार? त्यानं कान पाडले तर बापूंचा फेटा पेटीतच राहील, कितीही रुसू देत. नाक पुढे केलं तर अण्णांना म्हणेन, करा हात वर. फक्त तिथून हलायच्या आधी एकदा मागे वळून बघेन. कुणी नसणार, ठाऊक आहे मला. तरी बघेन.

तुमचीच भित्री भागूबाई,
मालन