बांधातला उभा माणूस

१२ ऑक्टोबर १९३१

ज्या कृपेच्या छायेत श्रांतांना विसावा मिळतो, तिला वंदन करून आरंभ करतो. आयुष्यभर उपदेश करून थकलेल्या या पाद्र्याला येथील जमीनदारांनी आपल्या हरीणवनातले छोटे प्रार्थनामंदिर आणि शेजारचे घर दिले आहे. खिडकीतून तळे दिसते. जुन्या मठातील साधूंनी माशांसाठी ओढ्यावर मातीचा बांध घालून ते केले म्हणे. बांधाचे वय शोधण्यासाठी उत्खनन करणाऱ्या मिस हेस्टर गार्ल यांनी पाणी उतरवून बांधाच्या कोरड्या अंगाला खड्डा घेतला आहे.

वनरक्षक आमोस थर्कटल बांध ओलांडताना टोपी उचलून म्हणाला, “आहेस ना, गड्या?” येथे बांधावरून जाताना सारेच त्याला असे विचारतात. मला हसू आले, तर म्हणतो, “विचारायला काय जातंय, पाद्रीबाबा? उत्तर येत नाही, तोवर सगळं ठीक.”

१७ ऑक्टोबर

बांधाच्या गाभ्यात, कुटून बसवलेल्या चिकणमातीत, मनुष्याचा सांगाडा सापडला. उभा. दोन्ही तळवे पाण्याच्या दिशेने टेकलेले. हेस्टरबाई म्हणाल्या, “पाय दुखले असतील हो बिचाऱ्याचे!” त्यांना तो काही काळ तसाच ठेवायचा होता, पण मी आग्रहाने मंदिराच्या आवारात विधिवत पुरला. त्याचा शीण मला ओळखीचा वाटला. चिरविश्रांतीची प्रार्थना इतक्या कळकळीने मी क्वचितच केली असेल.

२० ऑक्टोबर

पावसाने तळ्याचे पाणी सोडण्याची मोरी गाळाने तुंबली, तळे भरत चालले आहे. खड्ड्यातून पाणी झिरपते. बांधाखालच्या झोपडीत आमोसची लेक ईडिथ बाळंतीण आहे. तापाने फणफणली आहे, डॉक्टर तिला हलवू देत नाहीत. आमोसने आज टोपी उचलली नाही. विचारले, तर म्हणाला, “विचारू कुणाला?”

हरणे बांधावर पाऊल ठेवीत नाहीत.

२२ ऑक्टोबर

कबर उकरून हाडे पुन्हा खड्ड्यात उभी केली. माती कुटून भरली. सकाळी माती वाहून गेली होती, हाडे तळाशी पडली होती, आणि पाझराची धार झाली होती. आमोस रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, “तुम्ही त्याला सुट्टी दिलीत, पाद्रीबाबा. देवानं ती मंजूर केली.”

प्रार्थना फळली, याचे असे भय मला कधी वाटले नव्हते.

२३ ऑक्टोबर

धार पाहण्यासाठी खड्ड्यात उतरलो. तोल जाऊ नये म्हणून तळवे मातीला टेकले — धार थांबली. वर आलो, पुन्हा सुरू. पुन्हा उतरलो.

थांबली.

आत गुडघे दुखत नाहीत. हेच अधिक भयंकर.

२४ ऑक्टोबर

मातीत दोन तळव्यांचे ठसे आहेत. त्याचे असावेत. माझे त्यांत नेमके बसतात — हेस्टरबाईंनी पाहिले. मग ओरडल्या, “बाबा, वेडेपणा पुरे! मी मोटार आणते, चला इथून.” खालच्या झोपडीत तान्हे रडत होते. त्यांनाही ऐकू आले.

पाणी बांधाच्या काठाला —

२५ ऑक्टोबर

उतरलो आहे. कुणी माती लोटत नाही. ती आपणहून वर येते. कमरेपर्यंत. आता छातीपर्यंत. डावा तळवा ठशात. उजवा लिहिण्यापुरता मोकळा. भीती आहे. शीण नाही.

धार थांबली. डोक्यावरून खुरांचा आवाज — हरणे बांध ओलांडत आहेत.

आमोस वर उभा आहे. टोपी हातात. रडतो आहे. “आहात ना, पाद्रीबाबा?”

उत्तर दिले नाही.

वही त्याच्याकडे देतो. हे वाचणाऱ्या सर्वांवर प्रभूची शांती असो, तुमच्या घरांत पाणी न शिरो, तुमची लेकरे सुखाने निजोत — आणि कधी या बांधावरून गेलात, तर टोपी उचलून एवढे विचा—