मोटारीतली तार

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी जाळी काढायला निघताना सुनंदा, माझी बायको, गुडघाभर पाण्यात उभी राहून नाव मागून ढकलत होती. नावेच्या मागच्या जुन्या मोटारीचा गिअरचा दांडा न्यूट्रलवर होता, मी स्वतः पाहिला होता. मोटार सुरू करायला दोरी ओढली आणि पाण्यातला पंखा गर्रकन फिरला! तिचा पदर त्यात गुंडाळून फाटला. पाय वीतभराने वाचला.

मोटारीचं झाकण उघडलं. गिअरची पिन झिजली म्हणून उन्हाळ्यात मीच तिच्या जागी तार अडकवली होती. तीच तुटलेली. दांडा न्यूट्रलवर, आत गिअर पडलेलाच. मीच! तिला खरं सांगून टाकलं.

"मंग मले काऊन नाही सांगितलं जी? रोज मीच ढकलतो ना!"

तिने वल्ही उचलली. जाळ्यांपर्यंत तीच वल्हवत गेली. मी समोर बसून तिचे पाय पाहत राहिलो.