काचेवरचं कुंकू

५ मे १९७५, सोम.
बार्शीहून दुपारच्या एसटीने सोलापूरला, दादाकडे. शाळेला सुट्टी लागली. शाळेत शिकवण्यात दिवस निघतो तरी. इथे निघत नाही. वळसंगची आत्या आईच्या वर्षश्राद्धापर्यंत इथेच राहणार आहे. वहिनीने मला न विचारता महिला मंडळाच्या सुट्टीतल्या वर्गात नाव घातलं. काचेवर चित्रं काढायची. नाही म्हणायचाही कंटाळा आला.

७ मे, बुध.
वर्ग दुपारी ४ ते ६. पत्र्याचं छप्पर, खाली उकाड्याची भट्टी. शिकवणारे यूसुफचाचा. त्यांचं आरसे आणि फ्रेमांचं दुकान आहे. आम्ही चौदा बायका. कागदावरचं चित्र काचेखाली धरायचं, वरून रंग द्यायचा आणि पाहायचं पलीकडून. म्हणून क्रम सगळा उलटा. चाचा म्हणाले, "कागदावर जे शेवटी काढता ना बाई, ते हितं पहिलं. मागनं काय बी घालता येत न्हाय." म्हणजे बुबुळ आधी, डोळा नंतर. बारा वर्षं फळ्यावर खडू चालवला, हाताला पटत नाही.

९ मे, शुक्र.
पोपट. आधी अंग हिरवं करून टाकलं. पलीकडून पाहिलं तर चोच नाही. शेजारी लक्ष्मीअक्का बसतात, त्यांच्या घरी चादरींचे माग आहेत. म्हणाल्या, "मुका केलात की बाई त्याला." त्यांच्या बालाजीच्या भुवया अशा झाल्या आहेत की देव रागावलेलाच वाटतो. थोडं हसू आलं.

१३ मे, मंगळ.
लक्ष्मीदेवीचं हे तिसरं चित्र. चाचांचा नियम, बाईमाणसाचं चित्र असलं की रेघांनंतर ब्रश पहिला कुंकवाला. मग डोळे, दागिने. अंगाचा रंग त्यानंतर. आता न सांगता जमतं. रात्री झोप नाही. उकाडा.

१६ मे, शुक्र.
श्राद्धाला ठेवायला आईचा फोटो नाही. दादाच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये ती मागे उभी आहे, डोक्यावर पदर. तेवढाच. स्टुडिओत मोठा करून आणला, चेहरा पुसट आला. दादा म्हणाला, "शालू, तू काचेवर काढ की. शिकतेस ना?" बरं म्हटलं.

१९ मे, सोम.
फोटोवरून कागदावर उतरवून घेतलं. काळ्या रेघा बऱ्या आल्या. नाक जमलं. मग ब्रश लाल रंगात बुडवला आणि कपाळावर टेकवला. टेकवल्यावर कळलं.
आईने एकतीस वर्षं कुंकू लावलं नाही. वडील गेले तेव्हा मी तीन वर्षांची. तिला तसं पाहिलेलं मला आठवतच नाही.
चाचांना फोटो माहीत होता. त्यांनी टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली. "वलं हाय तवर पुसा." चिंधी हातात धरून मी बसले. सहा वाजले. पुसलं नाही.

२० मे, मंगळ.
काच घरी आणली होती. आत्याने पाहिली. "पुस ते. जल्मभर पाळलं तिनं, अन् आता मेल्यावर बाटवतीस व्हय तिला?" दादा पेपर वाचत होता. नंतर म्हणाला, चार लोक येणार, उगाच चर्चा कशाला. त्यांचं चूक आहे असं म्हणता येत नाही. जेवले नाही.

२२ मे, गुरु.
वर्गाला गेले नाही. पडून होते.
काकूंचं हळदीकुंकू. मी अकरा वर्षांची. काकाकडेच राहायचो तेव्हा. करंडा माझ्या हातात, बायका ओळीने बसलेल्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. मी तिला म्हटलं, तू आत जा. मला कोणी सांगितलं नव्हतं. ती तांब्या उंबऱ्याशी ठेवून आत गेली. पुढे तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. गेल्या वर्षी दवाखान्यात काढायचा होता, पण

२४ मे, शनि.
चाचांनी विचारलं, "आज अंगाचा रंग चढवायचा. चढल्यावर कुंकू पुसायचं म्हटलं तर चेहरा पुसावा लागंल. ठरलं का बाई?" ठरलं म्हटलं. कपाळापासूनच सुरुवात केली. लाल रंगावरून गव्हाळ रंग गेला. माझ्या बाजूने काहीच दिसेना. काच उलटी केली, कुंकू जागेवर होतं. लक्ष्मीअक्का आपलं काम सोडून बघत होत्या. 

२८ मे, बुध.
चित्र पुरं. परवा श्राद्ध. दादाने खिळा ठोकलेला नाही, विचारलं तर "बघू" म्हणतो.
दुपारी आत्याने काच मागून घेतली. दाराशी उजेडात धरून बसली. मी बोलणी खायच्या तयारीने उभी.
"गोल न्हवती लावत ती," म्हणाली. "आडवी चिरी वढायची. मेणावर. लई ठसठशीत."
मला माहीत नव्हतं. आईला तसं पाहिलेलं आठवणारी आता आत्या एकटीच उरली आहे, दादाही तेव्हा लहान होता. म्हटलं, आतलं आता बदलता येत नाही.
"व्हय," म्हणाली. काच मांडीवरच ठेवली.
चाचांकडे जाऊन कोरी काच आणली. चिरी केवढी ते विचारलं. आत्याने जवळ बोलावलं आणि माझ्या कपाळावर बोटाने ओढून दाखवली. दोनदा. बोट गरम होतं.
रेघा काढल्या. लाल दिला. वाळायला एक दिवस जातो, चेहरा उद्या भरायचा, श्राद्ध परवा. दादाला अजून सांगितलेलं नाही.