विचारायचं नाही

३ मार्च
आज नव्या जागी रुजू झाले. मुलांच्या जुनाट दुखण्यांवरचं केंद्र म्हटल्यावर रडकी तोंडं आणि फिनेलचा वास एवढंच मी धरून चालले होते. इथं तर पिवळ्या भिंती, चढायच्या जाळ्या, रबरी चेंडू, आणि आतल्या खोलीत कोमट पाण्याचा छोटा तलाव. मुलांना त्या पाण्यात चालवायचं, हे माझं काम. व्यायाम करून घेण्यात मी मुलखाची खाष्ट आहे, तेव्हा जमेल.

खरा आनंद वेगळाच. खारूवर इथं उपचार होणार. खारू म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव. पडल्याचं निमित्त झालं, हाड कधीच जुळलं, पण उजवं पाऊल अजून जळतंय. मोजा चढवला तरी किंचाळते.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकच नियम सांगितला. मुलाला ‘दुखतंय का’ असं विचारायचं नाही. ‘आज काय काय केलंस’ असं विचारायचं. रास्त आहे. सारखं विचारलं की पोराचं सगळं लक्ष दुखण्यातच अडकतं, हे आम्ही शिकलेलोच असतो. तलावाच्या खोलीत आईबापांना बंदी आहे. मी कर्मचारी, म्हणून मला सूट.

७ मार्च
डॉक्टरीणबाई गालाला हात लावून बसतात आणि दुपारी नळीनं फक्त दूध पितात. दारावरचे काका डावा हात छातीशी धरूनच वावरतात. दुखणी बरी करणारेच सगळे दुखणाईत, असं मी चिडवलं. काका म्हणाले, की इथं कधी ना कधी प्रत्येकाची जीभ घसरते. मला काही कळलं नाही.

१२ मार्च
खारूला पाण्यात उतरवलं. दात आवळून चालली बिचारी, हूं की चूं नाही. कोपऱ्यात पोचल्यावर ओठ थरथरले आणि माझा जीव तुटला. नियम गेला खड्ड्यात. तिला जवळ ओढून मी विचारलं, की फार दुखतंय का गं.

तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली. मग नवलानं माझ्याकडे पाहिलं आणि पळत सुटली, पाणी उडवत. दोन वर्षांनी पळाली माझी पोर.

मी काठावर बसले. माझं उजवं पाऊल निखाऱ्यावर ठेवल्यासारखं जळत होतं.

१३ मार्च
अनवाणीच कामावर गेले. माझं पाऊल बघून डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, की त्या पाण्यात दुखणं सुटं होतं आणि जीव तोडून विचारणाऱ्याकडे जातं. म्हणून तर आईबापांना आत घेत नाही. तुला सूट दिली, चूक माझीच. आणि एकदा हललं, की त्याला पाणीही लागत नाही. आता जो मायेनं विचारेल, त्याचं.

त्यांचा मुलगा वसतिगृहात असतो. फोनवर त्या त्याच्याशी तोडूनच बोलतात. मोठी माणसं विचारतात ती रीत म्हणून, त्या म्हणाल्या, मुलं मनापासून विचारतात.

१५ मार्च
खारू दोरीवरच्या उड्या मारतेय. तिला कळू नये म्हणून मी घरातही बूट घालते, गाणी गुणगुणते. बूट म्हणजे — नको. ताईला फोन केला, उद्या दुपारी खारूला घेऊन जा. कारण विचारू नकोस म्हटलं. तूही काहीच विचारू नकोस.

१६ मार्च, सकाळ
चहा ओतताना तोल गेला. खारूनं पाहिलं. ती तोंड उघडणार, तोच मी तिच्यावर ओरडले. घाणेरडं ओरडले. रडत गेली. रडू दे. रागाव माझ्यावर, राणी, खूप रागाव —

दुपार
न्हाणीघरात कडी लावून बसलेय. ताई अजून आली नाही. तोंडात टॉवेल कोंबलाय, आवाज बाहेर जायला नको.

पावलं. तिचीच. पळत नाहीये, हळूहळू —

नळ सोडला. मोठा. तिचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून —

ती दाराला टेकून काहीतरी —

पाय निवला. जळत नाही. एकदम गार, बरा —

खारू —

बाहेर ती किंचा