जावक रजिस्टर आणि भिंतीवरचा डबा

सोलापूर, गुरुवार

चिरंजीव हृषीकेश यास मुकुंदभावोजींचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? श्रावणीच्या मानेला आता आराम असेल, आणि उर्वीचा पुढचा दात एव्हाना आला असेल. इकडे प्रकृती ठणठणीत आहे. म्हणजे तुझ्या ताईची आहे. मी अकरा दिवस हबकलेला आहे, आणि हबकण्यावर डॉक्टर गोळी देत नाहीत. (फोन न करता पत्र का, असे विचारशील. फोनही आता त्या डब्यातूनच जातो, आणि डब्यावरून माझा विश्वास उडाला आहे.)

डबा म्हणजे तू दिवाळीत आमच्या बैठकीच्या खोलीत ठोकून गेलास तो, इंटरनेटचा. तुला ठाऊकच आहे, कॉलनीच्या वाचन मंडळाचा मी एकोणीस वर्षे चिटणीस आहे आणि आबासाहेब अध्यक्ष. मंडळाचे इंटरनेटवर एक पान आहे. (ते त्यांच्या पुतण्याने, युवराजने काढले. वर आबासाहेबांचा फोटो, खाली आबासाहेबांचा फोटो, मधे पुस्तकांची यादी.) त्या पानावर दोन महिन्यांत ‘एक श्रोता’ या नावाने चार अभिप्राय आले. पहिला असा, की अध्यक्षांचे प्रास्ताविक पंचावन्न मिनिटे आणि पाहुण्या वक्त्याला अकरा. दुसरा, की बायकांनी रांगोळी काढायची, शंभर जणांचे पोहे करायचे आणि व्याख्यान मात्र जिन्यात उभे राहून ऐकायचे. तिसरा, की कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात असल्यामुळे पुस्तके अजून कोरी आहेत. आणि चौथा माझ्यावर! चिटणिसांना सगळे दिसते, पण इतिवृत्तात ते दर वेळी ‘महिलांचे सहकार्य लाभले’ एवढेच लिहितात. मी भडकलो. तुझ्या ताईला, सरोजिनीला, मोठ्याने वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, शुद्धलेखन चांगले आहे.

मग मागल्या रविवारच्या आधीच्या रविवारी आबासाहेबांनी बोलावून घेतले. युवराज मोबाईल पुढे धरून म्हणाला, “काका, तुमी इतिवृत्त चढवता तो इंटरनेटचा पत्ता आन् ह्या चारी अभिप्रायांचा पत्ता येकच हाय की!” आबासाहेबांनी चहासुद्धा विचारला नाही. लिहिणाऱ्याचे नाव सांगा, नाहीतर दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी सर्वसाधारण सभेत चिटणीसपदाचा विषय घ्यावा लागेल, म्हणाले. एकोणीस वर्षे, हृषीकेश! खरे सांगतो, मंडळाशिवाय रविवार कसा घालवायचा हे मला माहीतच नाही.

घरी येऊन वरच्या मजल्यावरच्या विरेशला गाठले. (आमचा भाडेकरू, मैंदर्गीचा, केबलवाल्याच्या ऑफिसात कामाला. डबा आमचाच वापरतो. शेजारच्या गुरम्मासुद्धा वापरतात, ब्लाऊजचे नमुने बघायला.) तो म्हणाला, “काका, आत परत्येकाचा पत्ता येगळा असतोय. भाईर जाताना डबा तो खोडतोय आन् आपला येकच लावतोय. जगाला तुमचं घर तेवढं दिसतंय, मानूस न्हाय.” मग उत्तर परत आल्यावर ते नेमके गुरम्मांना कसे मिळते, विरेशला का मिळत नाही? तर डबा प्रत्येक निरोपावर एक क्रमांक टाकतो, आणि कुठला क्रमांक आतल्या कोणाचा याची नोंद ठेवतो. उत्तर तोच क्रमांक घेऊन येते. नोंद बघायची आणि ज्याचे त्याला द्यायचे. ज्याची नोंदच नाही असे कोणी आगंतुक आले, तर दारातूनच वाटेला लावायचे.

हृषीकेश, अरे, हे तर माझे टेबल! एकतीस वर्षे मी आवक-जावक लिपिक होतो. आतून पाच टेबलांवरून पत्रे यायची, बाहेर सगळी एकाच कार्यालयाच्या शिक्क्याने जायची. उत्तर यायचे ते ‘आपले पत्र जावक क्रमांक चारशे सतरा’ असे म्हणत, आणि मी रजिस्टर उघडून सांगायचो, हे आस्थापनेचे, हे भांडारचे. त्याच कामाला आता हिरवा दिवा लागला आहे आणि पेन्शन द्यावी लागत नाही. मी मोठ्या उमेदीने म्हणालो, मग काढ रजिस्टर, आत्ता कळेल कोण ते. विरेश हसला. नोंदी काम झाल्यावर थोड्या वेळात पुसल्या जातात, म्हणाला. पुसल्या जातात! एकतीस वर्षांत मी एक पान फाडले नाही, आणि हा डबा चहा पिऊन होईपर्यंत दप्तर कोरे करतो. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

गेल्या रविवारी कार्यकारिणीत मी हे सगळे समजावून सांगितले. पाऊण तास बोललो, जुने रजिस्टर नमुन्यादाखल दाखवले. सगळ्यांना समजले, हीच चूक झाली. होटगीला रेल्वेत नोकरी केलेले बसप्पा (एरवी सभेत डुलक्या घेतात) नेमके जागे होते. त्यांनी विचारले, “मग नोंद ठिवायची जबाबदारी कुनाची?” आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, की जावक लिपिकाची. डबा कोणाच्या भिंतीवर आहे, हे कोणाला विचारावे लागले नाही. आबासाहेबांनी फर्मावले, तर मग आजपासून रजिस्टर ठेवा आणि सभेत हजर करा. मी ‘होय साहेब’ म्हणून आलो.

सोमवारी डब्याखाली खिळा मारून रजिस्टर टांगले, दोरीला पेन बांधले. इंटरनेट वापरण्याआधी प्रत्येकाने नाव, विषय आणि सही, आणि लिहायचे ते खरेच, असा नियम केला; टपालाने जाणारी पत्रेही त्यातच चढवायची. विरेशने नऊ वेळा ‘क्रिकेट’ लिहिले. गुरम्मांनी कानडीत लिहिले, म्हणजे मला वाचता येऊ नये. आणि मंगळवारी तेविसावी नोंद, ओळखीच्या वळणदार अक्षरात: ‘सौ. सरोजिनी. विषय: वाचन मंडळाच्या पानावर पाचवा अभिप्राय. मागील चारही माझेच.’ खाली पूर्ण सही.

तुझी ताई! चौतीस वर्षे समोरच्या खुर्चीत बसून चहा पिणारी! मी विचारले, अगं, मला सांगायचे होतेस. म्हणाली, सांगितले होते, अकरा वेळा. तुम्ही दर वेळी म्हणालात, विषय पुढील सभेत घेऊ. मी हे बोललो आहे, हृषीकेश. मला आठवते. तिने लिहिले याचे दुःख नाही. मला सांगायला तिला सगळ्या जगाला वळसा घालावा लागला, याची लाज वाटते.

काल रिकाम्या सभागृहात बसप्पांना माईकवर वर्तमानपत्र वाचायला लावून मी स्वतः जिन्यात उभा राहिलो. पंख्याशिवाय काही ऐकू आले नाही.

तेव्हा रजिस्टर सभेत जाईल, आहे तसे. पद गेले तर गेले. सरोजिनी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि पोहे या वेळी बाहेरून मागवायचे ठरले आहे. तब्येतीला जप, उर्वीला पापा.

तुझा,
मुकुंदभावोजी

ता. क. एक काम होते. आबासाहेब म्हणतील, ही एकाच घराची कुरकुर आहे. म्हणून सहावा अभिप्राय तुझ्या पुण्याच्या पत्त्यावरून यायला हवा, शनिवारच्या आत. नाव ‘दुसरा श्रोता’ घाल. मजकूर सोबत जोडला आहे. ताईचाच आहे, पंख्याची दोन वाक्ये माझी.

ता. क. २. हे पत्र मी रजिस्टरात चढवलेले नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. वाचून फाडून टाक.

ता. क. ३. हृषी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. रजिस्टरात चढवलं आहे, जावक क्रमांक एकतीस, विषयासकट. नियम त्यांचाच आहे. पंख्याची वाक्यं मात्र छान लिहिली आहेत, ती गाळू नकोस. — ताई