फिटरचा फोन यायच्या आधी

बाबा, अकरा वाजता चौकशी आहे आणि मी सकाळपासून मनीषनगरच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले आहे. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तेही अडचणीत सापडले म्हणून. तुम्ही म्हणाला असता, गरज पडली तेव्हाच बाप आठवते तुले. ते खरंच आहे.

माझं काम काय, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. बुटीबोरीकडच्या एका तेलाच्या कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळते. तिथली यंत्रं संगणकावर चालतात, आणि बाहेरच्या कुणाचा हात तिथपर्यंत पोचू नये म्हणून सगळं बंदिस्त ठेवलेलं असतं. पण यंत्र बनवणारा इंजिनीअर बसतो पुण्याला. त्याला आत घ्यायचं तर इंटरनेटवरून एक कुलूपबंद वाट काढून द्यावी लागते, तिला आम्ही टनेल म्हणतो. तो मी घरून उघडते आणि घरूनच बंद करते. एकदा उघडला की पुण्यातला माणूस यंत्रासमोर उभा असल्यासारखा ते चालवू शकतो. तुमच्या सबस्टेशनमधलं लाइन चालू-बंद करायचं हँडलच समजा. फक्त माझं यंत्र वीसेक किलोमीटर लांब असतं, आणि मला खिडकीतून समोरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसतात.

मंगळवारी डबे भरायच्या लाइनचा पट्टा अडकला. कामठीहून रोज येणारा एक फिटर आहे, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. तो पट्ट्याखाली हात घालून काम करत होता. एरवी अशा वेळी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात. पण पुण्याहून नवा प्रोग्राम घालायचा तर यंत्राला वीज हवी, म्हणून स्विच चालूच होता. म्हणजे त्याचा हात आणि तो पट्टा यांच्यामध्ये माझा बंद टनेल, एवढंच होतं. अशा कामासाठी नियम मीच केला होता. काम संपवून फिटरनं कंट्रोल रूमच्या फोनवरून स्वतः मला सांगायचं, आणि त्याचा आवाज ऐकल्यावरच मी टनेल उघडायचा. हा नियम त्याला आणि मला ठाऊक होता, कागदावर मात्र मी कधी आणला नाही. तो मी कुठून उचलला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खाप्याचं सबस्टेशन. मी नववीत आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. हँडलवर 'लाइनवर माणसं काम करत आहेत' अशी पत्र्याची पाटी लटकलीय. लाइनमननं सकाळी तुमच्याकडून परमिट नेलंय, लाइन बंद करून घेतल्याचा सहीचा कागद, आणि तो परत करायला अजून आलेला नाही. फाटकाशी लग्नघरची माणसं जमलीत. नवरदेव यायची वेळ झाली आणि पाण्याचा पंप बंद. सावनेरहून साहेबांचा फोन वाजतोय, काम झालंय म्हणतात, चालू करून टाका. तुम्ही रजिस्टरवर तळहात ठेवून बसला आहात. मी मध्येच बोलते, की लाइनमन कधीचा खाली उतरलाय, मी येताना पाहिलं, लिंबाखाली चहा पिऊन राहिला. तुम्ही सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळता.

"तू पाह्यलं म्हणजे त्यानं सांगितलं का वं? ज्यानं कागद नेला त्यानंच आणून द्याचा. मले तुही साक्ष नाही पायजे."

पाऊण तासानं तो आला, कागद द्यायचं चक्क विसरलो म्हणाला. लाइन आधी चालू केली असती तरी काही बिघडलं नसतं. तुमची महिनाभर टिंगल झाली, आणि मला तुमची इतकी लाज वाटली की पुढचे चार दिवस डबा आईला न्यावा लागला. त्याबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

मंगळवारी पुण्याचा इंजिनीअर घाई करत होता, त्याला पुढच्या कामावर जायचं होतं. तेवढ्यात सुपरवायझरनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, झालं आहे, चालू करा. कंट्रोल रूमचा फोन वाजला नव्हता. मी दोन मिनिटं थांबले, बाबा, खरंच थांबले, आणि मग टनेल उघडला. पट्टा सुरू झाला. फिटरच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली. मोडली आहेत. डॉक्टर म्हणतात जुळतील, पण पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

संध्याकाळी मी चौकशीसाठी अहवाल लिहून ठेवला, त्यात एक वाक्य असं घातलं: फिटरकडून निरोप मिळाल्यावर टनेल उघडला. त्या एका वाक्यानं सगळा दोष त्याच्यावर गेला. काम झालं म्हणून सांगितलं आणि पुन्हा हात घातला, असं ते वाचून कुणीही म्हणेल, आणि आज तसंच ठरलं तर त्याची नोकरी जाईल. चोराच्या मनात चांदणं, म्हणून काल मी त्याला बघायला गेले. तो खाटेवर उठून बसला, मला खुर्ची द्यायला बायकोला सांगितलं, आणि मग हळूच म्हणाला, "मी तं अजून फोन केलाच नव्हता, मॅडम. तुम्ही काहून उघडलं?" रागानं नाही, खरंच कळत नव्हतं त्याला. मी म्हणाले, ग्रुपवर आलं होतं. तो बरं म्हणाला. त्या बरं म्हणण्यानं मी रात्रभर तळमळले.

आता ते वाक्य मी काढलं आहे. त्याच्या जागी लिहिलंय की फिटरचा फोन आला नव्हता, त्याची वाट न पाहता टनेल मी उघडला. पाच मिनिटांपूर्वी अहवाल पाठवलासुद्धा. त्याची नोकरी राहील, माझी बहुतेक जाईल. तुम्हाला लिहिलेलं हे मात्र कुठं पाठवणार, इथंच राहील. म्हणून यात लिहायला हरकत नाही. अहवाल बदलण्याआधी मी एक गोष्ट तपासली. कंट्रोल रूमच्या फोनची नोंद माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बघता येते का. येत नाही. म्हणजे पहिलं वाक्य तसंच ठेवलं असतं तरी माझं खोटं कुणाला पकडता आलं नसतं. ते कळल्यावर मला आधी बरं वाटलं, बाबा, आणि मग मी ते वाक्य खोडलं.